बुजऱ्या मांजरीला रोजची गोळी कशी देता?

कोपऱ्यातली

नमस्कार मंडळी. मांजरवाल्यांची मदत हवी आहे, तीही जरा तातडीची.

आमची ठमी तेरा वर्षांची. पार्किंगमध्ये वाढली आणि बऱ्यापैकी मोठी झाल्यावर घरात आली, त्यामुळे कितीही लाडाची असली तरी अंगाला हात लावू द्यायचा की नाही हे तीच ठरवते. मिक्सर लागला की दिवाणाखाली, बेल वाजली की माळ्यावर. गेल्या महिन्यात तिच्या उड्या चुकायला लागल्या आणि भर दुपारच्या उन्हातही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या दिसायला लागल्या. डॉक्टरांकडे नेलं तर रक्तदाब २१०. किडनीही थोडी कुरकुरतेय, पण मुख्य भानगड रक्तदाबाची. अ‍ॅम्लोडिपिन २.५ मिलिग्रॅमची पाव गोळी, रोज एकदा, कायमची.

पाव गोळी म्हणजे साबुदाण्याहून लहान तुकडा. तेवढ्यासाठी घराचं कुरुक्षेत्र झालंय. माशात घातला तर मासा फस्त आणि तुकडा ताटलीत, तोही चाटून स्वच्छ केलेला. चुरा करून पाऊचमधल्या ओल्या खाण्यात कालवला तर तिने ते खाणंच सोडलं. आता त्या चवीचं पाऊच फोडलं तरी वास घेते आणि मागे फिरते. टॉवेलात गुंडाळलं तर घाबरून टॉवेलातच शू, आणि मग रात्रभर मुक्काम माळ्यावर. हल्ली गोळ्यांची पट्टी चरचरली की ठमी गायब. सासूबाईंनाही हेच औषध चालू आहे. त्या आपली गोळी काढतात आणि पळते ही!

डॉक्टर म्हणतात एकही दिवस चुकवू नका. पण रोज झटापट करायची तर ही उरलेलं आयुष्य माळ्यावरच काढेल. तुमच्याकडे अशी घाबरट मांजरं असतील तर नेमकं काय करता ते सांगा. सगळं सांगा, अगदी बारीकसारीकसुद्धा.

बोंबीलफ्राय

ठमीला बीपी! आजी आणि नातीला एकच गोळी, वा.

आमच्याकडे बांगडा चालतो. उकडायचा, काटे काढायचे, बोटांनी मळून पेस्ट करायची आणि त्याच्या आत तुकडा दाबायचा. मळलेल्या माशात तिला तुकडा वेगळा काढता येत नाही. अख्ख्या फोडीत घातला तर काढते, हा माझाही अनुभव. तेही नाही जमलं तर सुका जवळा भाजून, कुटून वरून भुरभुरवा. जवळ्याच्या वासापुढे कुठलीही मांजर शरण येते.

चौथा मजला

खाण्यात लपवण्याचे खेळ मी कधीच सोडले. सरळ तोंडात द्या. नीट जमलं तर तीन-चार सेकंदांचं काम आहे आणि मांजरही तेवढ्यावर विसरून जातं.

पद्धत सांगतो. समोरून जायचं नाही, समोरून येणारा हात म्हणजे हल्ला. जमिनीवर गुडघ्यांवर बसा आणि मांजर दोन गुडघ्यांच्या मध्ये घ्या, तिचं तोंड तुमच्या दिशेला नाही, बाहेरच्या दिशेला. म्हणजे तिला मागे सरकायला जागा राहत नाही आणि दाबून धरावंही लागत नाही. डावा तळवा डोक्यावरून, अंगठा आणि मधलं बोट दोन्ही गालफडांच्या हाडांवर. नाक छताकडे वळवलं की खालचा जबडा आपोआप सैल पडतो. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत गोळी धरायची, मधल्या बोटाने खालच्या पुढच्या बारीक दातांवर हलका दाब द्यायचा आणि जिभेच्या अगदी मागच्या बाजूला, मधोमध टाकायची. पुढे किंवा कडेला पडली तर बाहेर आलीच समजा. तोंड मिटू द्या आणि मान सोडा. जिभेने नाक चाटलं की गिळली.

मान मागून चिमटीत धरून उचलू नका. तसं पिल्लांना त्यांची आई धरते, आपण नाही. मोठं मांजर त्याने फक्त आणखी घाबरतं.

कोपऱ्यातली

चौथा मजला, वाचताना सोपं वाटतंय. पण ठमी गुडघ्यांच्या मध्ये येईपर्यंतच माझा अर्धा तास जाईल. ती मांडीवरही स्वतःहून आली तरच येते, तीही टीव्ही बंद असेल तर.

बोंबीलफ्राय, मळलेला मासा आजच करून बघते.

निसर्गनियम

कोणाला वाईट वाटू नये, पण तेरा वर्षांचं मांजर म्हणजे म्हातारं मांजर. आमच्या लहानपणी वाड्यातल्या मांजरांना ना बीपी होतं ना किडनी. खायची, हिंडायची आणि एक दिवस दिसेनाशी व्हायची. रोज भीती दाखवून आयुष्य लांबवण्यात सुख मांजराचं की माणसाचं, याचा जरा विचार व्हावा.

टोपलीभर_मांजरं

वाड्यातल्या मांजरांना बीपी नव्हतं की कुणी मोजलं नव्हतं? "दिसेनाशी व्हायची" ती काय काशीयात्रेला जात होती का?

गोठा_ते_गॅलरी

मी पशुवैद्यक आहे. अर्धी नोकरी गाईम्हशींत गेली, आता शहरात मांजरंच जास्त येतात. ठमीला मी तपासलेलं नाही, तेव्हा डोस आणि बाकी उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. पण गोळी पोटात कशी जाईल याबद्दल सांगू शकतो.

आधी हे प्रकरण किती गंभीर आहे ते. मांजराचा वरचा रक्तदाब १६० च्या आत आणायचा प्रयत्न असतो. १८० च्या वर राहिला तर डोळे, मेंदू, हृदय आणि किडनी या चौघांना धोका, आणि बऱ्याचदा पहिला फटका डोळ्यांना. आतला पडदा सुटतो आणि काल दिसत असलेलं मांजर आज भिंतीवर आपटतं. ठमीच्या बाहुल्या आणि चुकलेल्या उड्या त्याच वाटेवरच्या. त्यामुळे "दोन दिवस जाऊ दे, बिचारीला त्रास नको" असं परस्पर ठरवू नका. आणि एखाद्या दिवशी चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन तुकडे द्यायचे नाहीत.

आता सोयीची बाजू. अ‍ॅम्लोडिपिन खाण्यासोबत दिली काय, रिकाम्या पोटी दिली काय, चालते. रोज साधारण एकाच वेळी दिली की झालं. म्हणजे वेळ निवडायची मोकळीक आहे, आणि ती ठमीच्या सोयीने निवडा, तुमच्या नव्हे. दिवसातला कुठला तास असा आहे जेव्हा ती आधीच शांत, भुकेली आणि एका जागी असते? तो पकडा. लपलेल्या जागेतून ओढून काढून गोळी कधीही देऊ नका. एकदा दिवाणाखालून ओढलंत की तिला सुरक्षित वाटणारी शेवटची जागाही गेली, मग ती कपाटामागे जाईल.

पट्टीच्या आवाजावर उपाय आहे. तिच्यासमोर पट्टी उघडूच नका. आठवड्याचे तुकडे एकदाच करून ठेवा, दार बंद करून किंवा ती गाढ झोपलेली असताना. या औषधाला उजेड आणि ओल दोन्ही चालत नाहीत, म्हणून डबी आरपार दिसणारी नको आणि ओट्यावर, वाफेजवळही नको. आणि सासूबाईंच्या गोळ्यांतला तुकडा देऊ नका. माणसांना बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची असते, तिचा पाव म्हणजे ठमीचा दुप्पट डोस.

रोजच्या जेवणाच्या ताटलीत औषध नको. तुम्ही तो परिणाम पाहिलाच आहे, एक चव बाद झाली. यात नुसता हट्ट नसतो. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठायला लागते, अंगाने भरलेल्या मांजरांत जास्तच, आणि ते दुखणं मूळ आजारापेक्षा भारी पडू शकतं. औषधाचा खाऊ वेगळा, एरवी न मिळणारा, आणि तोही थोडासाच.

तीन घासांची युक्ती करून बघा. पहिला घास साधा. दुसऱ्यात तुकडा. तिसरा साधा, पण तो दुसऱ्याच्या वेळीच नाकासमोर दिसायला हवा. समोरच्याच्या घाईत हातातला चावला जात नाही, गिळला जातो. तुकड्याला लागलेलं बोट घासाच्या बाहेरच्या बाजूला लावू नका. कडूपणा तिला आधी बाहेर कळतो, मग आतला शोध सुरू होतो.

चौथा मजला यांची पद्धत बरोबर आहे, मी एकच भर घालतो. कोरडी गोळी दिली की मागोमाग पाणी द्या. पाच-सहा मिली, बिनसुईच्या सिरिंजने, गालाच्या कडेने, हळूहळू. थेट घशात पिचकारी मारली तर फुप्फुसात जातं. मांजराच्या अन्ननलिकेत कोरडी गोळी अडकून राहते. डॉक्सीसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन यांसारखी अँटिबायोटिक गोळी तशी अडकली तर आतून जखम होते आणि पुढे नळी आकसते. सिरिंज नको असेल तर चमचाभर पातळ खाऊही चालतो. गोळी दिल्यावर तोंडाला फेस आला तर घाबरून जाऊ नका, बहुतेकदा तो नुसता कडू चवीचा असतो. मेट्रोनिडाझोल यात सगळ्यांत कुप्रसिद्ध.

बोंबीलफ्राय, बांगडा ठीक. सुका जवळा मात्र ठमीला नको. मीठ किती असतं ते तुम्हाला माहीत आहेच, आणि हिला रक्तदाब आणि किडनी दोन्ही आहे.

बोंबीलफ्राय

डॉक्टर, जवळा मागे घेतो. बोंबील?

गोठा_ते_गॅलरी

ताजा असेल तर तिला. सुका असेल तर तुम्हाला.

चहाबिस्किट

लहान मुलांना कडू गोळी द्यायची तर गोड सिरपमध्ये मिसळून देतो ना? तसं मेडिकलवाल्याकडून संत्र्याच्या किंवा स्ट्रॉबेरीच्या चवीचं काही करून घेता येणार नाही का?

टोपलीभर_मांजरं

चहाबिस्किट, मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची चव ओळखणाऱ्या संवेदकाचं एक जनुक अख्ख्या मार्जारकुळातच बिघडलेलं आहे, वाघापासून माऊपर्यंत. २००५ मध्ये संशोधकांनी ते शोधलं. कडू मात्र व्यवस्थित कळतं. म्हणजे गोड सिरपमध्ये कडू औषध घातलं की तिला लागतो फक्त कडूपणा, तोही जास्त प्रमाणात आणि चिकट. संत्र्याचा वास तर बहुतेक मांजरांना मुळातच नकोसा.

श्रीखंड, आइस्क्रीम चाटणारी मांजरं आहेत, मान्य. ती स्निग्धांशासाठी चाटतात.

चहाबिस्किट

हे माहीतच नव्हतं! आमचा बोका बासुंदीसाठी जीव टाकतो, मी समजत होते गोडघाश्या आहे.

विषय निघालाच आहे तर एक विचारते. त्याचं अंग कधी गरम लागलं तर क्रोसिनचा बारीक तुकडा दिला तर चालतो का? शेजारच्या काकू देतात म्हणे.

गोठा_ते_गॅलरी

नाही. नाही. नाही.

पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. बारीक तुकडाही. ते औषध निकामी करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात जवळजवळ नाहीच. रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. चुकून दिलं गेलं असेल तर उद्या सकाळची वाट न बघता त्याच तासाला दवाखान्यात न्या. उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचंही नाव काढू नका. मांजराचं अंग आपल्या हाताला नेहमीच थोडं गरम लागतं, त्यांचं साधं तापमानच ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं.

काकूंना आजच सांगा, कृपा करून.

चहाबिस्किट

लगेच सांगते. धन्यवाद.

बे_एरियाकर

आमच्या बोक्याला थायरॉइड वाढल्यामुळे मेथिमाझोल चालू आहे. इथे काही फार्मसी औषध हव्या त्या रूपात बनवून देतात. त्याचं आम्ही कानाला लावायचं मलम करून घेतलं. कानाच्या पाळीच्या आतल्या, केस नसलेल्या भागाला बोटावर रबरी टोपण चढवून चोळायचं, आज डावा कान, उद्या उजवा. आधीचा वाळलेला थर ओल्या कापसाने पुसून मगच नवीन. हातमोजा किंवा टोपण हवंच, नाहीतर औषध आपल्याच त्वचेतून आत जातं. गोळीपेक्षा असर यायला थोडा वेळ लागला, पण गोळीने होणाऱ्या उलट्या थांबल्या.

ठमीच्या औषधाचं असं मलम मिळतं का?

गोठा_ते_गॅलरी

करून देणारे आहेत, पण अ‍ॅम्लोडिपिन कातडीतून पुरेशी आत जाते याची खात्री देता येत नाही. मेथिमाझोलची गोष्ट वेगळी, तिथे कानाचा मार्ग चांगला रुळलेला आहे. शिवाय भारतात असं बनवून देणारं ठिकाण सगळ्यांच्या हाताशी नसतं. ठमीसाठी तोंडाचाच रस्ता.

निसर्गनियम

माझ्या प्रतिसादावर थट्टा झाली, हरकत नाही. पण मुद्द्याला उत्तर मिळालं नाही. जनावराला "हे तुझ्या भल्यासाठी आहे" असं समजावता येत नाही. त्याच्या बाजूने बघितलं तर ज्याच्यावर विश्वास ठेवला तोच रोज धरून तोंडात काहीतरी कोंबतो.

लाल_झाकण

निसर्गनियम, तुमचा प्रश्न मला फालतू वाटत नाही. मी तो तीन वर्षं जगतेय.

आमच्या मनीला मधुमेह. दिवसातून दोनदा इन्सुलिन. आधी मीही म्हटलं होतं की सुई टोचून जगवायचं तर नकोच. प्रत्यक्षात सुई गोळीपेक्षा सोपी निघाली. ती खायला लागली की मानेच्या बाजूची सैल कातडी किंचित उचलायची आणि बारीक सुईने टोचायचं. तिला कळतही नाही, निदान खाणं तरी थांबत नाही. म्हणजे छळ होतो की नाही हे उपचाराच्या नावावर ठरत नाही, तुम्ही तो कसा करता यावर ठरतं.

दुसऱ्या बाजूचंही सांगते. माझ्या आधीच्या बोक्याला शेवटी चार औषधं होती. तो आम्हाला बघून खोली सोडून जायला लागला. तेव्हा डॉक्टरांशी बोलून दोन बंद केली, दुखण्यावरचं ठेवलं. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. पण ते डॉक्टरांबरोबर बसून, प्रत्येक औषध कशासाठी आहे ते विचारून ठरवलं. "म्हातारं झालंय" एवढ्यावर नाही. ठमीची गोळी आयुष्य लांबवण्यासाठी नाही, आंधळं न होण्यासाठी आहे. हा हिशेब मला वेगळा वाटतो.

(इन्सुलिनवाल्यांसाठी जाता जाता: आपल्याकडे ४० आणि १०० अशा दोन ताकदींची इन्सुलिनं मिळतात आणि सिरिंजही दोन. लाल झाकणाची ४० साठी, केशरी झाकणाची १०० साठी. मेडिकलमधून घेताना बाटली आणि झाकण दोन्ही बघा. उलटसुलट झालं तर डोस अडीच पटीने चुकतो. माझं नाव इथूनच आलंय.)

निसर्गनियम

हे पटलं. मी औषध कशासाठी याचा विचार न करता बोललो.

देवगडी

आमच्या घरी सात आहेत, सगळी मासळीच्या टोपलीमागे आलेली. त्यातल्या भुरीला फिटची गोळी दिवसातून दोनदा. ती एकटी असली तर पंधरा मिनिटं घास हुंगत बसते. शेजारी काळ्याला आणून बसवला की हुंगणं बंद, सरळ गिळते, कारण नाही गिळली तर काळ्या नेईल. फक्त काळ्याला हाताने धरून ठेवायला लागतं, नाहीतर गोळी त्याच्याच पोटात. काकी म्हणते, "ह्या मांजरांक माणसांपेक्षा जास्त कळता." ठमी एकटीच असेल तर याचा उपयोग नाही, पण कुणाला तरी होईल.

कोपऱ्यातली

ठमी एकटीच. दुसरं मांजर दिसलं तर ती घास सोडून घर सोडेल.

मळलेला बांगडा पहिल्यांदा चालला. दुसऱ्यांदा तिने तो जिभेने पसरून पसरून खाल्ला आणि तुकडा पायपुसण्यावर निघाला. डॉक्टर, तीन घासांची युक्ती करतेय, पण ती माझ्या हातातून घेतच नाही. खाली ठेवलं तरच खाते, मग घाई कशी होणार?

गादीवरचा_बुवा

कोपऱ्यातली, आमचा अनुभव लिहितो, लांबेल.

बुवा रस्त्यावरचा, आठ महिन्यांचा असताना त्याला एफआयपी हा मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार झाला. पोटात पाणी भरलं होतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत या आजाराचं नाव निघालं की डॉक्टर हात जोडायचे. आता जीएस-४४१५२४ नावाचं औषध आहे, नेहमीचा कोर्स ८४ दिवसांचा, रोज ठरल्या वेळी, वजन वाढेल तसा डोस वाढवत. खाडे करून चालत नाही. आणि बुवा असा की आम्ही दोघं एका खोलीत असलो तर तो तिसऱ्या खोलीत.

आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, जागा. त्याची एक जुनी चौकोनी गादी होती, ती फक्त औषधाच्या वेळी काढायची. गादी टाकली की तिच्यावर चाटायच्या खाऊची रेघ. पहिले काही दिवस गोळी हातात, तोंडात वगैरे काही नाही. नुसती गादी, नुसता खाऊ, आणि आम्ही बाजूला, त्याच्याकडे पाठ करून. (तेवढे दिवस औषध दवाखान्यात इंजेक्शनने गेलं. ते झोंबतं, पण नाइलाज होता.) मग चमचा आला. मग चमच्यातल्या खाऊत रिकामी जिलेटिन कॅप्सूल, सगळ्यांत लहान आकाराची. ४ किंवा ५ नंबर मागा, नंबर वाढतो तशी कॅप्सूल लहान होते. ती ओली झाली की बुळबुळीत होते आणि सरकते, चवही नाही. रिकामी कॅप्सूल तो बिनबोभाट गिळायला लागला त्यानंतर तिच्यात गोळी घातली. त्याच्या लेखी काहीच बदललं नव्हतं.

दुसरं, रोजचा क्रम तोच. गादी, चमचा, खाऊ, संपलं, गादी उचलली. त्या वेळेखेरीज आम्ही त्याला धरायचो नाही, तोंडाशी हात न्यायचो नाही, "आज जरा नखं पण कापून घेऊ" हा मोह तर अजिबात नाही. घाबरट मांजराला पुढे काय होणार हे आधी कळलं की त्याची निम्मी भीती जाते, असं माझं ठाम मत झालंय. हळूहळू गादी झटकल्याचा आवाज आला की तो आतून यायला लागला.

हातातून खात नसेल तर लांब दांड्याचा चमचा घ्या. आइस्क्रीम सोड्याचा असतो तसा. तुमचा हात लांब राहतो.

टोपलीभर_मांजरं

+१ चमच्याला. आणि बघू नका तिच्याकडे. आपण श्वास रोखून टक लावून बसतो आणि मांजराला वाटतं आता झडप पडणार. मी तर मोबाइल बघत बसते.

चाटायचा खाऊ घरी करायचा असेल तर चिकन उकडून त्याच्याच पाण्यात मिक्सरमधून काढा. मीठ नाही, कांदा-लसूण तर बिलकूल नाही, ते मांजराच्या रक्तपेशी फोडतात. आमटीतलं चिकन धुऊन देणारे असतात, तेही नको.

बोंबीलफ्राय

ठमी घरी असताना मिक्सर लावणार कोण पण?

टोपलीभर_मांजरं

अरे हो! मग पाट्यावर वाटा.

कोपऱ्यातली

मंडळी, मधले काही आठवडे गप्प होते कारण सांगण्यासारखं काही पक्कं नव्हतं. आता आहे.

वेळ बदलली. सकाळी नऊला देत होते, तेव्हा घरात कुकर, कामवाल्या मावशी, बेल, सगळं एकदम. ठमी रात्री साडेदहाला, टीव्ही बंद झाला की वॉशिंग मशीनवर येऊन बसते, ही तिची स्वतःची सवय. तीच वेळ धरली. तिला कुठे न्यायचं नाही, उचलायचं नाही. मशीन माझ्या कमरेएवढं, त्यामुळे वाकून अंगावरही जावं लागत नाही.

तुकडे रविवारी सासूबाईंच्या खोलीत दार लावून करते. स्टीलची छोटी डबी, आत कोरडा कापूस म्हणजे खुळखुळत नाही. सासूबाईंनीही आपली गोळी आता स्वयंपाकघराऐवजी त्यांच्या खोलीत घ्यायला सुरुवात केली, "तुझ्या मांजरीसाठी आता मी चोरून गोळ्या खायच्या" असं म्हणत.

लांब चमच्यावर ट्यूबमधला चाटायचा खाऊ. आधी आठवडाभर नुसता. त्या दिवसांत गोळी चौथा मजला यांच्या पद्धतीने सकाळी आमचे हे देत होते, दुसऱ्या खोलीत, म्हणजे खाऊ आणि मी त्यात नको. ते दिवस कठीण गेले, पण डॉक्टरांनी खाडा नको म्हणून बजावलं होतं. यांनी टॉवेल सोडला आणि गुडघ्यांच्या मध्ये धरायला लागले, तेव्हा शूचा प्रकारही थांबला. मग एका रात्री चमच्याच्या टोकाला थोडा खाऊ, मध्ये तुकडा आणि त्यावर परत खाऊ. जिभेला आधी साधंच लागतं. गेला. कॅप्सूल आणून ठेवली होती, लागली नाही.

रोजच जातो असं नाही. परवा तिने सगळा खाऊ चाटला आणि तुकडा वॉशिंग मशीनच्या झाकणाच्या फटीत ठेवून दिला, टॉर्च लावून शोधला. तो पुसून परत खाऊत घालून दिला तेव्हा घेतला. सापडला नसता तर दुसऱ्या दिवशीच, हे आता पाठ झालंय.

काल रक्तदाब मोजला. १५८. डोळ्याचा पडदा एका बाजूला थोडा खराब झालेला आहे, तो तसाच राहणार म्हणाले, पण आणखी बिघडलेला नाही. उड्या अजून मोजूनमापून मारते.

गोठा_ते_गॅलरी

उत्तम. १५८ म्हणजे छान आलंय. मोजायच्या आधी दवाखान्यात तिला बसू दिलं होतं का? घाबरट मांजराचा रक्तदाब नुसत्या दवाखान्याच्या वासाने चढतो. पाच-दहा मिनिटं शांत खोलीत, पिंजऱ्यातच बसू द्यायचं, पहिलं वाचन सोडायचं आणि पुढच्या पाच-सातांची सरासरी धरायची. नाहीतर भीतीचा आकडा बघून उगाच डोस वाढतो.

कोपऱ्यातली

हो, शेवटच्या नंबरवर बोलावलं होतं, कुत्री निघून गेल्यावर. पिंजऱ्याचं झाकण काढून तिला तळातच बसू दिलं आणि पट्टा शेपटीला बांधून मोजलं. तरी यायला-जायला रिक्षात ओरडून जीव काढला. पुढच्या वेळी घरून निघायच्या आधी गॅबापेंटिन, म्हणजे भीती कमी करणारं औषध, द्यायचं का ते बघू म्हणाले. किडनीमुळे डोस कमी लागेल म्हणे.

गोठा_ते_गॅलरी

बरोबर, किडनीवाल्यांना कमीच. आणि पहिल्यांदा देताना दवाखान्याच्या दिवशी नको, त्याआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघा. काही मांजरं त्यावर लटपटत चालतात. हिची नजर आधीच अधू, तेव्हा त्या दिवशी मशीनवर चढू देऊ नका. रक्तदाबही त्याने थोडा कमी दिसू शकतो, म्हणून दिलं असेल तर मोजणाऱ्याला सांगायचं.

चौथा मजला

माझी पद्धत तोपर्यंत पुलासारखी कामाला आली, एवढ्यावर मी खूष. पण पाव गोळी नेमकी कापता कशी? आमच्या बोक्याला अर्धी आहे, तीच सुरीने कापताना भुगा होते आणि एक तुकडा कायम फ्रिजखाली जातो.

कोपऱ्यातली

सुरी नाही. मेडिकलमध्ये टॅब्लेट कटर मागा, झाकणात पातं असलेली छोटी डबी येते, शंभर-दोनशेत मिळते. झाकण हळूहळू दाबू नका, एकदम झटक्यात मिटा. आधी अर्धी करायची, मग ती अर्धी कापलेली कड पात्याच्या काटकोनात ठेवून पुन्हा. ज्या गोळीवर मध्ये रेघ असते ती नीट तुटते, बिनरेघेची भुगाच होते, म्हणून दुकानदाराला रेघेची कंपनी मागा. भुगा झालेला आम्ही टाकून देतो, अंदाजाने चिमूट देत नाही. पण तुमच्या बोक्याची कुठली आहे ते आधी विचारून घ्या, काही गोळ्या कापायच्याच नसतात.